चहाचा हिशेब आधी, माहेरचा विचार नंतर

पत्र

जय ख्रिस्त. आम्ही बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मिशन कंपाउंडात राहतो. हे 12 वर्षांपासून चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू आहेत, वय 42. माझं वय 37. लेक नववीत आहे, मुलगा पाचवीत. मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, 70 घरं आणि आजूबाजूची पाच गावं, सगळं यांच्याकडंच. पगार 15,000, तो मंडळीच्या अर्पणातूनच निघतो आणि जूनपासून कधी 20 तारखेला तर कधी पुढच्या महिन्यात मिळतोय. घराला दार आहे, पण ते लावायची सोय नाही. सकाळी सातपासून माणसं येतात. लेकीनं केस बारीक केले तर तीन घरांतून निरोप आले, "पाळकाची मुलगी असून?" माझं एएनएम (नर्सिंगचा कोर्स) झालेलं आहे, पण पाळकबाईनं नोकरी करू नये असं सगळे म्हणतात. हे रात्री दहाला गाडीवरून येतात, जेवतात, झोपतात. मला पहाटे तीनला जाग येते ती उजाडेपर्यंत. लोक वाईट आहेत असंही नाही. मुलाला डेंग्यू झाला तेव्हा कंपाउंडातल्या बाया आळीपाळीनं दवाखान्यात बसल्या, डबे आणले. पण आता वाटतं, लेकरं घेऊन लातूरला माहेरी राहावं आणि ह्यांनी हवी तेवढी सेवा करावी. हे पाप आहे का?

उत्तर

ताई, जय ख्रिस्त.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, पाप नाही. थकलेल्या बाईला माहेर आठवलं तर त्यात पाप कसलं? पवित्र शास्त्रातच तुमच्या आधी एक जण लेकरं घेऊन माहेरी राहिली आहे. निर्गमाचा 18 वा अध्याय काढा. त्यावरचे पुष्कळ संदेश, म्हणजे उपासनेतली प्रवचनं, तुम्ही ऐकले असतील, आणि बहुतेक सगळे हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमण्याचेच असतील. पण अध्याय सुरू कुठून होतो ते बघा. मोशेचा सासरा इथ्रो एकटा येत नाही. मोशेनं माघारी पाठवलेली त्याची बायको सिप्पोरा आणि गेर्षोम, अलियेजर ही दोन लेकरं तो सोबत घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी मोशेपुढं सकाळपासून संध्याकाळपर्यंत लागलेली रांग तो पाहतो आणि जावयाला तोंडावर सांगतो, तू करतोस हे ठीक नाही, असं केलंस तर तूही झिजशील आणि ही माणसंही. म्हणजे कारभाराचा हा सगळा सल्ला एका सासऱ्याचा आहे, आणि तो द्यायच्या आधी त्यानं लेक आणि नातवंडं जावयाच्या घरी पोचवली आहेत. हा भाग संदेशात सहसा येत नाही. पाळकसाहेबांसोबत बसून तो एकदा वाचा.

म्हणून आमचं म्हणणं असं, की लातूरला कायमचं जायचं की नाही हे या महिन्यात ठरवू नका. ईस्टरपर्यंत वेळ घ्या. तोवर नुसतं सोसत बसायचं नाही, घराची घडी बदलून बघायची. फक्त एक गोष्ट ईस्टरपर्यंत थांबवू नका, ती म्हणजे तुमची झोप. रोज पहाटे तीनला जाग येऊन परत डोळा न लागणं हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर ते डॉक्टरला दाखवायचं दुखणं आहे. त्याचा विश्वासाच्या कमी-जास्तपणाशी संबंध नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं दाखवा. जाणं जमत नसेल तर 14416 या टेलिमानसच्या (मनाच्या दुखण्यांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या) नंबरवर फोन करा. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूतानं त्याला बोधवचन ऐकवलं नाही. भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत भाकर दिली. बोलणं त्यानंतर झालं.

आता पैशाचं. तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त दुखणं इथं आहे असं आम्हाला वाटतं, आणि सुधारायला सगळ्यात सोपंही हेच आहे.

उद्यापासून 30 दिवस एक वही ठेवा. त्यात घरखर्च लिहायचा नाही, मंडळीच्या कामासाठी घरातून जे जातं तेवढंच लिहायचं. चहापासून सुरुवात करा. दिवसाला 12 कप धरू, तुमच्याकडं जास्तच होत असतील. कपाला 60 मिली दूध म्हटलं तर दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास आणि महिन्याला 21-22 लिटर. 60 रुपये भावानं ते 1,300 होतात. साखर कपाला 10 ग्रॅम, महिन्याला साडेतीन किलोच्या वर, म्हणजे 160 रुपये. पत्ती महिन्याला किलोभर, 450 रुपये. गॅस न धरता 1,900 झाले. मग पेट्रोल. पाच गावांच्या फेऱ्या आठवड्याला 180 किलोमीटर धरल्या तर महिन्याला 780. गाडी लिटरला 50 देत असेल तर साडेपंधरा लिटर, 105 च्या भावानं 1,600 च्या वर. ऑइल, पंक्चर, टायरची झीज यांचे 300 वेगळे. फोनचं रिचार्ज आहे, आणि जेवायच्या वेळेला आलेल्या पाहुण्याचं ताट आहे. बेरीज केली तर 4,000 रुपये सहज होतात. म्हणजे कागदावर 15,000 चा पगार, पण घराच्या वाट्याला येतात 11,000. मंडळीतल्या बहुतेकांना हे माहीत नसतं. त्यांना 15,000 दिसतात, वर फुकट बंगला दिसतो.

हे आकडे आमच्या अंदाजाचे आहेत, तुमचे खरे आकडे भरा. गाडीचं मीटर फेरीला निघताना आणि परत आल्यावर टिपून ठेवायला पाळकसाहेबांना सांगा. महिनाअखेरीला एका पानावर चार ओळी काढा: प्रवास, पाहुणचार, फोन, एकूण.

ते पान मंडळीच्या कमिटीपुढं कसं न्यायचं यावर पुढचं सगळं ठरतं. पगारवाढ मागू नका. पगारवाढ म्हटलं की पाळकाचं काम किती आणि लायकी किती यावर चर्चा सुरू होते, आणि दोन तट पडायला तेवढं पुरतं. मागणी अशी ठेवा: प्रवासखर्च किलोमीटरप्रमाणे वेगळा मिळावा, पाहुणचाराची रक्कम ठरवून वेगळी मिळावी आणि पगाराला हात लागू नये. पान खजिनदारानं वाचावं, कमिटीतल्या एका वडीलधाऱ्या पंचानं दुजोरा द्यावा, आणि तो विषय निघाला की पाळकसाहेबांनी उठून बाहेर बसावं. तुम्ही त्या बैठकीत नसावं. महिला मंडळातही याचा उल्लेख करू नये, कारण तिथून तो दुसऱ्या दिवशी कमिटीला तक्रार म्हणून पोचतो. आणि दशांशावर (उत्पन्नाचा दहावा भाग अर्पण करण्यावर) संदेश देऊन हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न तर मुळीच नको. लोकांना ते लगेच कळतं, आणि नंतरचे सहा महिने प्रत्येक संदेशात त्यांना पैसाच ऐकू येतो. वचनाचा आधार हवाच असेल तर नहेम्या 13:10 पंचांनी वाचावं. लेव्यांना, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्यांना, त्यांचा वाटा मिळाला नाही, म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतावर पळाले. नहेम्या तिथं लेव्यांना बोल लावत नाही, अधिकाऱ्यांना जाब विचारतो.

पगार जूनपासून उशिरा होतोय यामागं कुणाची दुष्टाई असेलच असं नाही. आपल्या भागातला पैसा पिकाबरोबर येतो. सोयाबीन निघालं की दसरा-दिवाळीला, मग वेचणीप्रमाणे कापसाचा. जून ते सप्टेंबर बी-बियाणं, खत, शाळेची वह्या-पुस्तकं. त्या दिवसांत अर्पणाची पिशवी हलकीच असणार. शिवाय तुमच्या जिल्ह्यात दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली घरं मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत, म्हणजे नाताळलाही ती बाकं रिकामी. पगार दर महिन्याच्या अर्पणावर टांगलेला असेल तर तो दर पावसाळ्यात लटकणारच.

यावर उपाय आहे आणि तो छोट्या मंडळीलाही झेपतो. हंगामाच्या सणाला वेदीपुढं ज्वारीची कणसं, भोपळे, तुरीच्या शेंगा, पाय बांधलेला कोंबडा असं सगळं मांडलं जातं आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. एखादा भोपळा पन्नासाचा असतो आणि आनंदानं पाचशेला जातो. वर्षातला सगळ्यात मोकळ्या हाताचा दिवस तो. त्या दिवसाचं आणि नाताळचं अर्पण मिळून ठरलेला हिस्सा "पाळक वेतन राखीव" अशा वेगळ्या खात्यात टाकायचा. उद्दिष्ट तीन महिन्यांचा पगार, म्हणजे 45,000. पगार दर महिन्याच्या 5 तारखेला याच खात्यातून निघेल आणि रविवारचं अर्पण ते खातं भरत राहील. एका वर्षात 45,000 होणार नाहीत, दोन-तीन हंगाम लागतील. खात्यावर दोन सह्या हव्यात आणि त्यातली एकही पाळकसाहेबांची नको. हे कुठं बिघडतं तेही सांगतो. कंपाउंडची भिंत पडते, किंवा तरुण संघाला नवा स्पीकर हवा असतो, आणि "तात्पुरते" म्हणून 20,000 उचलले जातात. म्हणून ठरावातच लिहून घ्या की या खात्यातला पैसा वेतनाशिवाय कशालाही जाणार नाही.

पैशाच्याच बाबतीत घरापुरत्या तीन गोष्टी कडक पाळा. अर्पणाची मोजणी उपासनेनंतर तिथंच दोन पंचांनी करावी, नोटा-नाणी वेगवेगळी लिहून सह्या कराव्यात. पाळक किंवा पाळकबाईनं एकट्यानं कधी मोजू नये आणि पेट्रोलसाठी त्यातून आगाऊ काही घेऊ नये. मंडळीतल्या माणसाकडून हातउसने घेऊ नका, अगदी 500 सुद्धा. त्यानंतर त्या घरातल्या भांडणात पाळकाचं तोंड बंद होतं. आणि बचतगटात जरूर जा, पण खजिनदार होऊ नका, कुणाच्या कर्जाला जामीन राहू नका.

आता गाडीवरून रात्री दहाला येणाऱ्या माणसाबद्दल. पाच गावं एका माणसानं सांभाळायची ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि आपल्याकडची ती जुनी रीतही नाही. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं त्या काळातही गावोगावचं काम शाळामास्तर, उपदेशक आणि बायबल बाया यांच्या खांद्यावर होतं. पाळक अधूनमधून यायचा. पाळकसाहेबांना सांगा, प्रत्येक गावात दोघं नेमा. एक का नाही? कारण एक ऊसतोडीला गेला की प्रार्थना बंद पडते. दोघांपैकी एक तरी वर्षभर गावात राहणारी असावी: अंगणवाडीची मदतनीस, घरी असलेली आजी, शेळ्या सांभाळणारा म्हातारा. नीट वाचता येणं आणि गावात कुणाशी वैर नसणं, एवढं पुरे. गावातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाला नेमायचा मोह होतो. तो टाळा, नाहीतर वर्षभरात तिथं वेगळी मंडळी उभी राहते.

दर महिन्याला एका शनिवारी या दहा जणांना तीन तास बोलवायचं. चार आठवड्यांची गीतं आणि वाचनं ठरवायची, आणि दहा मिनिटांचा संदेश प्रत्येकाकडून एका पानावर लिहून घ्यायचा. आठवड्याची प्रार्थना ते घेतील. प्रभुभोजन, बाप्तिस्मा, आजाऱ्याची भेट, मरण यांना पाळक जाईल. फेऱ्या आठवड्याला दोन, जवळजवळची गावं एकाच दिवशी, आणि आठच्या आत घरी. सुरुवातीचे तीन महिने लोक कुरकुरतील, "पाळकसाहेब आले नाहीत म्हणजे कसली प्रार्थना?" यावर एकच गोष्ट चालते. पाळकसाहेबांनी प्रत्येक गावात एकदा जावं आणि सतरंजीवर लोकांमध्ये बसावं. प्रार्थना नेमलेल्या माणसानंच घ्यावी. पाळक खाली बसून "आमेन" म्हणतोय हे एकदा दिसलं की गाव ते मान्य करतं.

घराचं दार. जुन्या मिशन बंगल्यांना बहुधा ओसरी असते, तुमच्याकडंही असावी. भेटी तिथंच. दोन खुर्च्या, बाक, माठ, भिंतीला घड्याळ. ओसरीतून आत यायच्या दाराला पडदा नको, कडी हवी. पडदा सारून माणसं सरळ स्वयंपाकघरात येतात आणि मग तुम्हाला भाकरी थापता थापता दोन घरांचं भांडण ऐकावं लागतं. भेटीची वेळ सकाळी 8 ते 10 आणि संध्याकाळी 5 ते 7. सोमवार पूर्ण सुट्टी. ही घोषणा पाळकसाहेबांनी करू नये, सेक्रेटरीनं उपासनेच्या सूचनांमध्ये करावी, लागोपाठ चार रविवार. सोमवारी फोन सेक्रेटरीकडं. मरण, अपघात आणि दवाखाना एवढ्याच तीन गोष्टींसाठी सोमवार मोडायचा, आणि मोडला तर त्याच आठवड्यात अर्धा दिवस परत घ्यायचा. परत घेतला नाही तर महिन्याभरात सोमवार उरत नाही. शाळेचा दाखला, सासू-सुनेचं भांडण, लग्नाची तारीख, हे सगळं मंगळवारपर्यंत थांबतं. थांबल्यानं त्यातलं निम्मं आपोआप मिटतंही.

एखादी बाई एकटी पाळकसाहेबांशी बोलायला आली तर ओसरीचं बाहेरचं दार उघडं ठेवून, तुम्हाला दिसतील पण ऐकू जाणार नाही अशा अंतरावर त्यांनी बसावं. तुमच्याकडं कुणी मन मोकळं केलं तर तिच्या परवानगीशिवाय ते नवऱ्यालाही सांगू नका. फक्त लेकरावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर गुप्तता पाळायची नाही. पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो, आणि तिथं मंडळीची अब्रू मधे येऊ देऊ नका. नवऱ्याचा मार खाणारी बाई असेल तर तिला 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर सांगा, नुसती प्रार्थना करून घरी पाठवू नका. बाकीच्या निरोपांना, "पाळकसाहेबांच्या कानावर घाला" म्हणणाऱ्यांना, एकच उत्तर ठेवा: "तुम्हीच ओसरीवर या, ते पाचला असतात." तुम्ही निरोप पोचवायचं थांबवलंत की तुमचा निम्मा भार उतरेल. कंपाउंडच्या जागेचे वाद, भावकीचे तट यांतही दोघांनी पडू नका, आणि एकाच घरी वारंवार जेवायला जाऊ नका.

लेकीच्या केसांबद्दल. ती 14 वर्षांची आहे आणि केस तिचे आहेत. निरोप आणणाऱ्यांना शांतपणे सांगा, "आम्ही घरी बोललोय, आम्हाला चालतं." पुढं स्पष्टीकरण देऊ नका. लेकीला मात्र कोणत्याही बाबतीत "लोक काय म्हणतील" हे कारण कधी देऊ नका. नाही म्हणायचं असेल तर स्वतःच्या मनातलं कारण द्या. पाळकाची लेकरं मंडळीपासून तुटतात त्याची कारणं आम्हाला बहुतेक ठिकाणी सारखीच दिसतात. वडील संदेशात त्यांचा दाखला देतात. संडे स्कूलला शिक्षक नसला की त्यांना उभं केलं जातं. आणि घरी पगारावरून, कमिटीवरून चाललेलं बोलणं ती ऐकतात आणि रविवारी त्याच माणसांना हसून नमस्कार करतात. पहिल्या दोन गोष्टी पाळकसाहेबांनी आजपासून बंद कराव्यात. तिसरीसाठी, कमिटीचं बोलणं लेकरं झोपल्यावर.

बदलीचंही आत्ताच बघा. लेक पुढच्या वर्षी दहावीत जाईल. बदल्या उन्हाळ्यात होत असतील तर आत्ताच एक साधा लेखी अर्ज वरिष्ठांकडं द्या की दहावीची परीक्षा होईपर्यंत बदली नको. बदली टळणारच नसेल तर निदान दहावीच्या परीक्षेच्या छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळातच व्हावी असं लिहा. त्यात बीड, जालना, परभणी, हिंगोली येतात. लातूर, नांदेड, धाराशिव लातूर मंडळात. दहावीच्या ऐन वर्षात मंडळ बदललं तर दाखल्यांची धावपळ लेकीच्या अभ्यासावर येते. अर्ज मे महिन्यात दिला तर उपयोग नाही, तोवर यादी झालेली असते.

तुमची नोकरी. करा. यात आम्हाला दुसरं मत नाही. पगार तुमच्या नवऱ्याला मिळतो. पाळकबाई हे बिनपगारी पद कुणी ठरवलेलं नाही, ते सवयीनं तयार झालं आहे. आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे का ते पाहा, मुदत संपली असेल तर नूतनीकरणाला लागा. मग तालुक्याच्या गावी दिवसपाळी मिळेल असा दवाखाना शोधा. रात्रपाळी आत्ता घेऊ नका, झोप आधीच मोडलेली आहे. मंडळीच्या कामांपैकी तुम्हाला मनापासून आवडतं ते एकच ठेवा. गाणं असेल तर गाणं, संडे स्कूल असेल तर संडे स्कूल. महिला मंडळाचं अध्यक्षपद दुसऱ्या बाईला द्या. ते जानेवारीच्या वार्षिक सभेत, हसतमुखानं, तिचं नाव स्वतः सुचवून. मधेच वर्ष तोडून दिलंत तर रुसवा समजतात.

म्हातारपणाचं थोडक्यात. आयुष्यभर मंडळीच्या घरात राहिलेल्या पाळकाला निवृत्तीच्या दिवशी घर नसतं. पोस्टात पीपीएफ खातं काढा, 500 महिना जमेल तर तेवढंच. बरीच वर्षं व्याज 7.1 टक्के आहे, त्या दरानं 15 वर्षांत दीड लाखाच्या वर होतात. अटल पेन्शनला 40 वर्षांची अट आहे. पाळकसाहेब 42 चे म्हणून त्यांना मिळणार नाही, पण तुम्ही 37 च्या आहात, तुमच्या नावानं काढा. बँकेत 436 रुपयांचा जीवनज्योती आणि 20 रुपयांचा सुरक्षा विमा त्यांच्या नावानं आहे का ते याच आठवड्यात विचारा. रोज गाडीवर असणाऱ्या माणसाला हे हवेतच. दोन्हीचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, त्यामुळं मे अखेरीस खात्यात तेवढे पैसे असू द्या.

तुम्हाला बोलायला माणूस हवं. मंडळीतलं नको. दुसऱ्या तालुक्यातली, शक्य तर दुसऱ्या पंथाची, वयानं मोठी पाळकबाई बघा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी तासभर फोन. आणि नवऱ्याशी सोमवारी संध्याकाळी अर्धा तास. रविवारी रात्री नको, रविवारी रात्री त्यांच्यात काही उरलेलं नसतं. त्या अर्ध्या तासात तक्रार सुरू झाली की ते गप्प होतील, म्हणून पहिल्या महिन्यात फक्त चहाची वही दोघांनी मिळून भरा. आकडे शेजारी बसून लिहिताना बोलणं आपोआप निघतं.

दवाखान्यात आळीपाळीनं बसलेल्या त्या बायांबद्दल तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. ते प्रेम खरं आहे. पाळकाच्या घराला जे मिळतं ते फार थोड्या घरांना मिळतं: पाच गावांत कुठंही गेलं तरी लेकरांना ओळखणारी, जेवू घालणारी माणसं. पण त्या घरी तुम्ही दर वेळी काम घेऊन जाता, म्हणून तो आनंद अंगाला लागत नाही. पौष-माघात एखाद्या शेतावरून हुरड्याचं बोलावणं येईलच. चौघंही जा. शास्त्र सोबत नको, प्रार्थना जेवणापुरती. आगटीशेजारी बसा, कणसं चोळून द्या, लेकीला बोरं वेचू द्या. नाताळच्या कॅरल फेरीलाही एक रात्र चौघांनी एकत्र जा. बाकीच्या रात्री तुम्ही दोघं लेकरांना घेऊन घरी झोपा.

हे सगळं करूनही ईस्टरपर्यंत काही हललं नाही, म्हणजे लेखी देऊनही पगार दोन-तीन महिने अडला, सोमवार एकदाही मिळाला नाही, पाळकसाहेबांनी एकही फेरी कमी केली नाही, तर तेव्हा तुम्ही दोघांनी वरिष्ठांसमोर बसून जागा बदलण्याचं किंवा वर्षभर सेवेतून बाजूला होण्याचं बोला. ते पळून जाणं नाही. आणि घरात मारहाण असेल, दारू असेल, कुणी तुम्हाला धमकावत असेल, आणि हे तुम्ही पत्रात लिहिलं नसेल, तर ईस्टरची वाट बघू नका. आजच लेकरं घेऊन निघा.

तसं नसेल, तर दिवाळीच्या सुट्टीत लातूरला जाच. आठ दिवस. वही सोबत न्या, 30 दिवस तिथंच पूर्ण होतील. तुम्ही नसताना घरातला चहा किती लागतो तेही पाळकसाहेबांना लिहू द्या. परत आणायला त्यांनी स्वतः यावं, सोमवारच्या बसनं, आणि एक रात्र सासुरवाडीला मुक्काम करावा. कमिटीची बैठक त्यानंतरच्या आठवड्यात ठेवा. तोवर सोयाबीनचे पैसे घरोघरी आलेले असतील.